रियालिनसाठी लिहिलेली दोन पत्रे

"सोमवार, १४ मार्च २०१६. सकाळी धुके, नऊनंतर ऊन. चर्चमध्ये सातची मिस्सा. पासिंगने सहा लिंबे दिली. उजवीकडचा वरचा दात दुखतो आहे. साडेअकराला मिस ओल्मेडो नावाच्या वकीलबाईंचा फोन. रियालिनच्या अर्जासाठी माझी साक्ष हवी आहे, लेखी आणि शपथेवर. हो म्हटले. दुपारी मूग, भात, सुकी मासळी."

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. "हो म्हटले" हे मी लिंबांइतक्याच सहज लिहिले होते. साक्ष द्यायची म्हणजे दुसऱ्याने काय केले ते सांगायचे, अशी तोवर माझी समजूत होती.

फिलिपिन्समध्ये, इलोइलोला, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनिल्डांनी आम्हा मुलींना रोजनिशीची सवय लावली. हवा, प्रार्थना, जेवण, काय घडले, आणि शेवटी स्वतःविषयी एक ओळ. विशेषणे लिहायची नाहीत, असा त्यांचा दंडक होता. मी बारा वर्षांची होते, आता ऐंशीची आहे. पोन्सियानोशी लग्न झाले, त्याच्या आरमारातल्या नोकरीमुळे अमेरिकेत वायेहोला आले, तो गेला, पण एक दिवसही वही कोरी राहिली नाही. याचा मला अभिमान होता.

रियालिन आली २०१० च्या उन्हाळ्यात, तिच्या मावशीकडे, पाहुणी म्हणून. तिकडच्या आन्तिके प्रांतातल्या एका किनारी गावात ती तिसरीच्या मुलांना गणित शिकवायची. बुटकी, काटक, चालणे भराभर. हसताना तोंडावर हात धरायची, पण हसू इतके मोठे की हाताचा काही उपयोग व्हायचा नाही. चर्चच्या सभागृहात लुम्पिया, म्हणजे सारणाच्या तळायच्या सुरळ्या, वळायला बसली की आमच्या दोन होईतो तिच्या पाच. एकसारख्या, बोटाएवढ्या. चर्चमधली माझी मैत्रीण पासिंग एकदा म्हणाली, "अगं, जरा सैल वळ! लोकांना वाटेल आपण सारण वाचवतोय."

"सैल वळल्या तर तेल पितात, माना पासिंग," रियालिन म्हणाली. माना म्हणजे ताई. "आमच्या गावात तेल महाग, मी स्वस्त."

सगळ्या हसल्या. रुडी तेव्हा खुर्च्या लावत होता. तोही हसला, आणि मग रोज खुर्च्या लावायला येऊ लागला.

रुडी इथेच जन्मलेला, बसडेपोत मेकॅनिक. चर्चच्या गायकवृंदात त्याचा आवाज सगळ्यांत चांगला. म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या उतरवायचा. ऑक्टोबरात लग्न ठरले आणि रियालिन मला निनांग हो म्हणून विचारायला आली. आमच्यात नवरानवरीला लग्नाचे धर्ममायबाप असतात. पुरुष तो निनोंग, बाई ती निनांग. जोडप्यात बिनसले तर त्यांनी आईबापांकडे नाही, निनांगकडे जायचे. आणि निनांगने घर मोडू द्यायचे नाही. माझी त्याआधी सात जोडपी होती. सातही टिकलेली. ती नावे मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली होती. रियालिन आणि रुडी आठवे.

दुसऱ्या उन्हाळ्यात रुडीने तिच्या ग्रीन कार्डाचा अर्ज केला. लग्न खरे आहे, कागदासाठी केलेले नाही, हे पटवायला ओळखीच्यांची पत्रे लागतात. निनांगचे पत्र तर हवेच. १७ जुलै २०११, रविवार. मिस्सेनंतर सभागृहात जेवण होते. हवा तापलेली, पंखे लावलेले, आणि रियालिन पूर्ण बाह्यांच्या ब्लाउजमध्ये. वरच्या फळीवरचे ताट काढायला तिने हात उंच केला तेव्हा बाही खाली घसरली. मी शेजारीच उभी होते. त्या दिवशीची नोंद अशी आहे:

"रियालिनच्या डाव्या दंडावर वळ. चार बोटांचे. विचारले नाही. दुपारी तिच्या अर्जासाठी पत्र लिहिले. रुडी स्वतः घेऊन गेला. जेवणाला पान्सितच्या शेवया होत्या, दोनदा घेतल्या."

पत्रात मी लिहिले की हे जोडपे दर रविवारी मला भेटते, त्यांचे एकमेकांवर प्रेम आहे, आणि रुडी हा शांत स्वभावाचा, मायाळू नवरा आहे. "शांत" आणि "मायाळू". वहीत जी विशेषणे कधी लिहिली नाहीत ती सरकारला लिहून दिली.

मला काय वाटत होते, ते मी आज प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. कागद झाले की ती सुरक्षित होईल, असे मी मनाला सांगितले असेल. पण आठवे नाव खोडावे लागू नये, हेही त्यात होते.

११ फेब्रुवारी २०१२ ला, शनिवारी, दुपारी तीनला ती माझ्या दारात आली. चालत. गाडीची किल्ली रुडी तिला द्यायचा नाही. माझा हात घेऊन तिने कपाळाला लावला, आमचा नमस्कार असाच असतो, आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

"काय झालं, बाळ?"

"काही नाही, निनांग. तो रागावतो."

"कशावरून?"

"कशावरूनही. भात गार झाला. फोन दोनदा वाजला. आता म्हणतो, अर्ज मागे घेतो, मग बघ विमानात कशी बसतेस." ती हसायला गेली, पण हात तोंडापर्यंत गेलाच नाही. "मी आज इथंच झोपू का? फक्त आजच्या दिवस?"

"रागावतो" या शब्दाला मी धरून बसले. रागावणे म्हणजे माझ्या हद्दीतली गोष्ट. मारतो का, असे विचारले असते तर ती हो म्हणाली असती, आणि मग मला काहीतरी करावे लागले असते.

मी म्हटले, "पोन्सियानोही रागवायचा. पहिली तीन वर्षं त्याचं जहाज धक्क्याला लागलं की मी आधी भात गरम करायला धावायचे. निवळतं सगळं. बाई घरातून एकदा बाहेर झोपली की नवऱ्याच्या मनात घर करून बसतं ते."

ती उठून उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही म्हणता तर जाते."

तिला एकटीला पाठवायचे नाही, एवढी रीत मला ठाऊक होती. निनांगने अन्न घेऊन सोबत जायचे आणि दोघांना एका टेबलाशी बसवायचे. मी कोंबडी घालून भाताची पेज केली, वर तळलेला लसूण, आणि पातेले तिच्या मांडीवर देऊन तिला माझ्या गाडीने परत नेले. रुडीने दार उघडले. पातेले माझ्या हातातून घेतले, माझा हात कपाळाला लावला, बायकोसाठी खुर्ची ओढली. पेज वाढताना मला म्हणाला, "निनांग, तुमच्या हातचं पोटात गेल्यावर बायकोवर उचलायचा म्हटला तरी हात उचलला जाणार नाही बघा माझा!"

मी हसले. हे वहीत नाही. पण मी हसले होते. रियालिनने माझ्याकडे पाहिले, आणि मग तीही हसली.

आठ दिवसांनी रविवारी रुडीचा फोन आला: गाडी बंपरच्या कामासाठी शुक्रवारपासून गॅरेजमध्ये आहे, मिस्सेला न्याल का? मी दोघांना घेऊन गेले. रियालिनच्या उजव्या हाताची करंगळी पट्टीत होती.

"काल गाडीच्या दारात सापडली," रुडी म्हणाला. "लक्षच नसतं हिचं."

मी वहीत लिहिले: "रुडीची गाडी शुक्रवारपासून गॅरेजमध्ये. त्यांना मिस्सेला नेले. रियालिनची करंगळी मोडली, काल, गाडीच्या दारात." ओळीखाली ओळ. त्या दोन ओळी एकत्र वाचायला मला चार वर्षे लागली.

त्या वसंतात त्याने अर्ज मागे घेतला. ती आणखी वर्षभर त्या घरात राहिली आणि माझ्याकडे पुन्हा कधी आली नाही. रविवारी भेटली की हात कपाळाला लावायची, दाताचे कसे आहे विचारायची. दुपारी ती सहा म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका घरात कामाला जायची. प्रत्येकाला त्याच्या जुन्या हुद्द्याने हाक मारायची, कॅप्टन, पोस्टमास्तर, हेडमिस्ट्रेस, आणि नखे कापताना त्यांना पाढे म्हणायला लावायची. हेडमिस्ट्रेसबाई नाव विसरल्या होत्या, पण सतराचा पाढा रियालिनने चुकीचा म्हटला की डोळे उघडून दटावायच्या. ती मुद्दाम चुकायची.

मे २०१३ मध्ये तिथल्या मालकिणीनेच तिला अंगावरच्या कपड्यांनिशी बायकांच्या आश्रयगृहात पोचवले. रुडीने घटस्फोट घेतला. तो १ एप्रिल २०१४ ला पक्का झाला. सभागृहात बोलणे सुरू झाले. पासिंग मनाने वाईट नाही, पण तिची जीभ लुम्पियाच्या तेलात बुडवलेली. "आधी कागदासाठी नवरा केला," ती म्हणाली, "आता कागदासाठी मार खाल्ला म्हणे! कोणी पाहिला? चोलिंग, तू निनांग ना, तू पाहिलास का?"

"मी काय पाहणार," मी म्हटले आणि कांदा चिरत राहिले.

म्हणून मिस ओल्मेडोंचा फोन आला तेव्हा मला एक प्रकारे सुटल्यासारखे वाटले. आता काहीतरी करता येईल. गुरुवारी मी टंकलेले एक पान घेऊन त्यांच्या कार्यालयात गेले. आश्रयगृहाच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, दाराला पाटी नाही. त्यांनी मला सगळे नीट समजावून सांगितले.

"बघा मावशी, नवरा इथला नागरिक असेल आणि बायकोला मारत असेल, तर बायकोला स्वतःच्या नावानं अर्ज करता येतो. त्याची सही लागत नाही, त्याला कळवतही नाहीत. पण घटस्फोट झाल्यावर दोनच वर्षं मुदत. आपल्याकडे दोन आठवडे उरलेत. मुदत टळली की हे दार बंद. मग तिला केव्हाही परत पाठवू शकतात."

"पोलिसांचा कागद नाही का?"

"तिनं पोलीस कधी बोलावलेच नाहीत. दवाखान्याचा एक कागद आहे, त्यावर तिनंच सांगितलंय की करंगळी गाडीच्या दारात सापडली." त्यांनी माझे पान वाचले. त्यात मी करंगळी लिहिली होती, गाडी गॅरेजमध्ये होती हे लिहिले होते, तिचा उतरलेला चेहरा लिहिला होता. माझ्याविषयी काही नव्हते. "गाडीचं हे फार मोलाचं आहे. तारखा कशा आठवतात तुम्हाला?"

"मी रोजनिशी लिहिते."

"देवच पावला." त्यांनी पेन खाली ठेवले. "एक विचारते. रुडीनं आधी अर्ज केला होता, तेव्हा तुम्ही काही लिहून दिलं होतं? सरकारकडे तुमच्या सहीचं काही आहे?"

मी म्हटले, "आठवत नाही."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई असे म्हणाली की कोणी पुढे विचारत नाही. त्यांनीही विचारले नाही. सोमवारी सहीला या, म्हणाल्या.

गाडी चालवणे मी तोवर सोडले होते; बसमध्ये पर्स छातीशी धरून बसले. १९५२ साली वर्गात कोणत्या बाकावर बसत होते ते मला आठवते. घरी येऊन २०११ ची वही काढली. जुलैचे पान काढायला वेळ लागला नाही. पानाला टाचलेली पत्राची प्रतही तिथेच होती, मीच लावलेली, नीट, कोपऱ्यात टाचणी. ते पत्र तसेच वॉशिंग्टनला की कुठे कुठल्याशा कपाटात पडून असणार, हे मला कळत होते. ते काढून नवे पत्र त्याच्याशेजारी ठेवणारा कोणीतरी अधिकारीही असणार. शुक्रवारी सकाळी, ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास चालू असूनही मिस्सा चुकवून, मी वही घेऊन परत गेले.

मिस ओल्मेडोंनी पत्र वाचले, मग वहीचे पान वाचले.

"अधिकारी दोन्ही पत्रं समोर ठेवील," त्या म्हणाल्या. "एकाच बाईची, एकच सही. एकात मायाळू नवरा, एकात मोडलेली करंगळी. तो म्हणेल, ही बाई तेव्हा खोटं बोलली किंवा आता. तुमच्या साक्षीवर विश्वास नाही म्हणजे तिच्यावरही नाही. मग गाडीचंही काही खरं नाही."

"तेव्हा," मी म्हटले. "तेव्हा खोटं बोलले."

"तर तेच लिहावं लागेल. त्या सकाळी काय पाहिलं, दुपारी काय लिहिलं, का लिहिलं. पानांच्या प्रती सोबत जोडू. आणि फेब्रुवारीत तिला परत नेलंत तेही. तिनं तिच्या जबाबात लिहिलंय की ती एका ओळखीच्या बाईंकडे गेली होती, त्यांनी समजूत काढून परत पोचवलं. तुमचं नाव तिनं कागदावर घातलेलं नाही, मला तोंडीच सांगितलं."

"का नाही?"

"मी विचारलं. म्हणाली, त्यांना ठाऊक नव्हतं."

मी खिडकीबाहेर पाहिले. खाली कोणीतरी ओल्या चादरी वाळत घालत होते.

"ती हे वाचणार का?" मी विचारले.

"अर्ज तिचा आहे. तिच्या सहीनं जातो. वाचल्याशिवाय मी तिला सही करू देत नाही. मावशी, तुमची साक्ष आपण वगळूही शकतो. पण मग करंगळीचा एकही साक्षीदार उरत नाही."

"वगळू नका," मी म्हटले.

शनिवार-रविवार मी लिहिले. पाच पाने झाली. जिथे जिथे "मला वाटले" आले तिथे खोडून "मी केले" लिहिले.

सोमवारी, २१ मार्चला, रियालिन माझ्याआधी येऊन बसली होती. निळा स्वेटर, केस आखूड कापलेले. उठून माझा हात कपाळाला लावला. "निनांग, बस मिळाली ना वेळेवर? दात?"

"बरा आहे."

मिस ओल्मेडोंनी पाने तिच्यापुढे ठेवली. ती शिक्षिकेसारखी वाचते, ओळीखाली बोट धरून. ती करंगळी अजून पूर्ण सरळ होत नाही, म्हणून ते बोट ओळीवरून जरा अधांतरी चालते. पहिले पान उलटले. दुसऱ्यावर बोट थांबले.

"चार बोटांचे," तिने वाचले. वर पाहिले नाही. "तुम्ही मोजली होती, निनांग?"

"हो."

"मी त्या दिवशी मुद्दाम लांब बाह्या घातल्या होत्या. तुमच्यासाठीच. म्हटलं, निनांगला दिसलं तर त्यांचा जीव खालीवर होईल, त्यांच्या हातून पत्र लिहवणार नाही."

ती पुढे वाचत राहिली. पेजेपाशी आली. मी हसले होते, तेही मी साक्षीत लिहिले होते. तिथे तिने पान हातात उचलून घेतले, जवळ धरून वाचले आणि परत खाली ठेवले.

"तो हाताचं म्हणाला तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही हसलात. मग मला वाटलं, बरं झालं, यांना काही ठाऊक नाही. आश्रयगृहात गेले तेव्हा पहिले काही महिने मी रोज स्वतःला सांगायचे, निनांगना कळलं असतं तर त्यांनी मला परत नेलं नसतं. मीच बोलले नाही. चूक माझी."

"चूक तुझी नव्हती, बाळ."

"आता कळलं ते." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते. ती मिस ओल्मेडोंकडे वळली. "यातलं काही काढायचं नाही ना?"

"तू म्हणशील तर..."

"नाही. असंच जाऊ दे. तारखा बरोबर आहेत." मग तिने चौथ्या पानावर बोट ठेवले. "फक्त इथं, गाडी शुक्रवारी नाही, गुरुवारी संध्याकाळी नेली होती गॅरेजला. त्यानं तुम्हाला शुक्रवार सांगितला. तेवढं नीट करा. अधिकाऱ्याला गॅरेजची पावती मिळाली तर हे सगळं खोटं ठरेल."

मी ते खोडून, बाजूला "मला शुक्रवार सांगण्यात आला" असे लिहून, आद्याक्षरे घातली. मी सही केली. मग तिने तिच्या कागदांवर सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळे, फळ्यावर लिहिल्यासारखे. पाकीट त्याच दुपारी रवाना झाले. मुदतीच्या आत पोचले.

जिना उतरताना मी म्हटले, "मी तुला गाडीने... म्हणजे, बसथांब्यापर्यंत सोबत येते."

"नको, निनांग. तुमचे गुडघे." तिने मला खालच्या पायरीपर्यंत धरून उतरवले, दुसऱ्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला उतरवले असते तसे. "पोस्टमास्तरांना चारला फिरवून आणायचंय. उशीर होतो." आणि भराभर चालत गेली.

पुढच्या रविवारी ईस्टर. सभागृहात पासिंगने पुन्हा तोंड उघडले, तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितले की मी पाहिले होते, आणि पाहून पत्र लिहिले होते. पासिंगने माझ्या हातातली सुरी घेतली आणि माझ्या वाटणीचे कांदे तिनेच चिरले. शेवटच्या पानावरची ती यादी मी फाडली नाही. फाडणे सोपे होते.

रियालिन आमच्या चर्चला येईनाशी झाली. तिची मावशी सांगते की ती फेअरफील्डला राहते, नखे कापण्याबरोबर आता औषधे द्यायचीही परवानगी तिला मिळाली आहे. ख्रिसमसला कार्ड येते. त्यावर माझे नाव लिहिलेले असते, "मिसेस कोन्सोलासियोन आब्रेनिका", पूर्ण, शुद्ध. निनांग लिहिलेले नसते.

अर्ज मंजूर झाला पावणेदोन वर्षांनी. मला कळले ते मिस ओल्मेडोंकडून. त्यांना वाटले होते की तिने मला सांगितलेच असेल. त्या म्हणाल्या, निर्णयाच्या कागदात कारणे देत नाहीत, पण गाडीच्या त्या ओळीने काम केले असावे असा त्यांचा अंदाज आहे. मी आभार मानले. फोन ठेवल्यावर तिला फोन करावा म्हणून नंबर काढला. मग वाटले, तिला सांगायचे असते तर तिने सांगितले असते; तिच्या आनंदात जाऊन बसायचा मला काय हक्क. नंबर परत ठेवून दिला.

त्या संध्याकाळी वहीत लिहिले: "मंगळवार, ५ डिसेंबर २०१७. थंडी. मिस ओल्मेडोंचा फोन, रियालिनचा अर्ज मंजूर. तिला फोन केला नाही. न्हाणीघराची खिडकी नीट लागत नाही, वर्तमानपत्राची घडी घालून बसवली."